इमिग्रेशन वकील व्हायचंय? सुरुवात घरच्या कागदांपासून

मुलाला कायद्याची आवड आहे आणि परदेशाची ओढही आहे, तर ‘इमिग्रेशन लॉयर’ होता येईल का, असं पालक विचारतात. होता येईल, आणि सिंधुदुर्गातल्या तळेऱ्यात वाढलेल्या मुलालाही होता येईल. मात्र व्हिसाचे फॉर्म भरून देणारा एजंट वेगळा आणि सनदधारी वकील वेगळा, हे आधी लक्षात घ्या.

या वकिलाचं काम आपल्या घरापासूनच सुरू होतं. आईच्या एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, पासपोर्टवर दुसरी. दहावी न झालेल्या माणसाला नोकरीसाठी आखातात जायचं तर बहुधा आधी उत्प्रवासाची परवानगी लागते. १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे भरती एजंट नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे माणसं जमीन गहाण टाकून पैसे भरतात.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज नागरिकत्वाचा प्रश्न घरोघरी पोचलाय. ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपतं. मग मतदार यादी, पासपोर्ट, ओसीआय अशी गुंतागुंत सुरू होते. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे, म्हणजे सिंधुदुर्गच्या वकिलाला हे क्षेत्र परकं नाही. विमानतळावर अडवणारी ‘लुकआउट’ नोटीसही याच कामात येते. सरकारी बँकांना अशी नोटीस मागण्याचा अधिकार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ठरवलं.

या पेशाची ताकद बघायची तर सखाराम गणेश पंडित यांचं उदाहरण मुलांना सांगा. १९१४ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले, १९१७ साली कॅलिफोर्नियात वकील. अमेरिकी नागरिकत्वासाठी लढणाऱ्या भगतसिंग थिंद यांची वकिली त्यांनी केली; तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९२३ साली निकाल विरुद्ध गेला, भारतीयांना नागरिकत्व नाकारलं गेलं, आणि मग सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. सरकारने सगळं माहीत असताना दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी आयुष्य उभं केलं, असा त्यांचा मुद्दा होता. १९२६ साली अपील न्यायालयात ते जिंकले. मला हा खटला फार मोलाचा वाटतो.

शिक्षणाचं थोडक्यात: बारावीनंतर ५ वर्षं किंवा पदवीनंतर ३ वर्षं, प्रवेश एमएच-सीईटीतून. कुडाळ, रत्नागिरी, कोल्हापूर इथे विधी महाविद्यालयं आहेत. पुढे सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. त्यानंतर सीनियरकडची पहिली काही वर्षं कमाई तुटपुंजी असते. पालकांनी ती घरखर्चात धरू नये. एक सोय मात्र नवी झालीय. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे. तळेऱ्याहून वैभववाडी, गगनबावडा करत तिथे पोचता येतं. रिट याचिकेसाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही.

आता परदेशाचं: नुसत्या भारतीय पदवीवर अमेरिकेत किंवा कॅनडात वकिली करता येत नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं तर २०२१ पासून एसक्यूई परीक्षा आहे; कॅनडात आधी पदवीचं मूल्यांकन, मग तिथल्या परीक्षा; न्यूयॉर्कला पदवीची पात्रता तपासून, गरज पडल्यास एलएलएम करून, बार परीक्षा. माझं स्पष्ट मत असं की पदवी हातात पडताच मोठं कर्ज काढून निघू नये. दोन-तीन वर्षं इथल्या कोर्टात उभं राहावं, मग कुठला देश ते ठरवावं.

सीईटीचा अर्ज भरण्याआधी एक करून बघा. घरातल्या सगळ्यांचे दाखले, आधार, पासपोर्ट मुलासमोर किंवा मुलीसमोर ठेवा. नावांत आणि तारखांत फरक कुठे आहे, तो कुठल्या कार्यालयात दुरुस्त होईल, हे शोधायला सांगा. यात दुपार कशी गेली ते कळलं नाही, तर अर्ज भरा. तासाभरात कंटाळा आला, तर कायद्याची दुसरी शाखा बघा.