शरदातील अनुपस्थिती : परभणी परिसरातील सण, स्थलांतर आणि साहित्य

संस्कृत काव्यसंकेतानुसार विरहाचा ऋतू वर्षा हा होय. प्रवासी पावसाळ्यापूर्वी घरी परततो, आणि जो परतू शकत नाही त्याचे दुःख मेघाच्या साक्षीने व्यक्त होते. ‘मेघदूता’तील यक्षाचा शाप शेषशायी विष्णू जागा होतो त्या दिवशी, म्हणजे कार्तिक शुद्ध एकादशीस संपावयाचा आहे. पुढील मीलनाच्या रात्री शरदाच्या चांदण्यातल्या असतील, अशी त्याची आशा आहे. शरद हा तेथे विरहान्ताचा ऋतू ठरतो. परंतु याच ऋतूत विजयादशमी येते. रस्ते सुकलेले असतात, नद्या उतरलेल्या असतात आणि सीमोल्लंघनाचा मुहूर्त असतो. एकाच ऋतूत घर सोडण्याचा सण आणि घरी असण्याचा सण, दसरा आणि दिवाळी, अवघ्या वीस तिथींच्या अंतराने येतात. मराठी लोकजीवनातील शरद समजून घ्यावयाचा तर हे वीस दिवस बारकाईने पाहावयास हवेत. परभणी जिल्ह्यात त्यांचा अर्थ विशेष तीव्रतेने प्रकटतो.

प्रथम लोकगीतांची साक्ष पाहू. जात्यावरच्या ओवीत परदेश म्हणजे सासर. ही ‘परदेशी’ स्त्री वर्षभर ज्याची वाट पाहते तो मुराळी, म्हणजे तिला माहेरी नेण्यासाठी येणारा भाऊ, प्रामुख्याने दिवाळीच्या सुमारास अवतरतो. ओवीतील हा प्रसंग ठरीव आहे : दुरून येणारा बैलांच्या गळ्यातील घुंगरांचा नाद, सासूची परवानगी, वाटेवरची नदी, माहेरच्या उंबऱ्यातील आई आणि बहुधा कपाळाला आठी घातलेली भावजय. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावांचाही वाटा आहे. त्याही पूर्वी ना. गो. नांदापूरकरांनी स्त्रियांनी रचलेल्या रामकथेच्या ओव्या जमविल्या होत्या. त्या कथेतील सीतेचा वनवास आणि गाणारणीचा सासुरवास यांच्यातील सीमारेषा अनेकदा पुसट होते, हे अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. येथे इतकेच नोंदवावयाचे की, अनुपस्थितीची जाणीव मराठी स्त्रीने आधुनिक लेखकाच्या कितीतरी आधी, आणि सणाच्या तिथीला बांधून, शब्दबद्ध केली होती.

या जाणिवेत पदार्थांना जे स्थान आहे ते केवळ चवीचे नव्हे. अनारशाचे उदाहरण घेता येईल. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, निथळून कुटावयाचे, गूळ मिसळून गोळे मुरत ठेवावयाचे, आणि मग खसखशीवर थापून मंद आचेवर तळावयाचे. अनारसा हा ज्या घरात पुढील आठ-दहा दिवस कोणी हलणार नाही अशा घराचा पदार्थ आहे. करंजीलाही लाटणारी, भरणारी, कातणारी अशा चार हातांची सोबत लागते. फराळ हे स्थैर्याचे अन्न आहे. म्हणून ज्याला दिवाळीत घर नाही त्याला केवळ लाडू मिळत नाही असे नव्हे, तर लाडू होण्यास लागणारा अवधी आणि माणसे मिळत नाहीत. विकतच्या फराळाने जिभेचे समाधान होते. भोवतीची उणीव तशीच राहते.

आता या वीस दिवसांत परभणी जिल्ह्यात काय घडते ते पाहावे. (1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतरचा जिल्हा येथे अभिप्रेत आहे.) बालाघाटाच्या अंगाने वसलेल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मोजणीच्या या शब्दात माणूस उरत नाही, हत्यार उरते. अनेक कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन दसऱ्याच्या मुहूर्तावर होते. एकाचे सीमोल्लंघन प्रतीकात्मक, गावाच्या वेशीबाहेर जाऊन आपट्याची पाने आणण्यापुरते. दुसऱ्याचे खरे, पाच-सहा महिन्यांचे.

दिवाळी घरी होईल की फडावर, हे दोन दिनदर्शिकांच्या झटापटीत ठरते. एक चांद्र, अधिक मासाने पुढे-मागे सरकणारी. दुसरी राज्याच्या मंत्री समितीने ठरविलेली गाळप हंगामाची. 2022 मध्ये हंगाम 15 ऑक्टोबरला सुरू झाला आणि लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला आले. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरपर्यंत लांबले, हंगाम मात्र 1 नोव्हेंबरचा होता. 2024 मध्ये क्रम उलटला : लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आणि हंगाम 15 नोव्हेंबरला. म्हणजे लागोपाठच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षी दिवा कोपीत लागण्याची वेळ होती, एका वर्षी उंबऱ्यात. कोपीवरच्या दिवाळीत तेल-साखर आठवडी बाजारातून येते, आणि वाढे विकून आलेले चार पैसे तिच्या कामी येतात. पाडव्याला दारात शेणाचे पांडव मांडावयाचे, तर दार म्हणजे पाचटाच्या झोपडीचे तोंड. पुढे मार्गशीर्षात लातूर-धाराशिवकडे, आणि त्या सीमेलगतच्या गावांत, वेळा अमावस्येची भज्जी, आंबील आणि उंडे शेतात नेले जातात. तोडकरी तेव्हाही दुसऱ्याच्याच शेतात असतो.

मराठी समीक्षेने या अनुभवाला कोणते नाव दिले? गावाच्या आठवणींच्या लेखनाला आपल्याकडे ‘स्मरणरंजन’ हा शब्द सर्रास लावला जातो, आणि त्यात किंचित तुच्छताही असते. इंद्रजित भालेराव यांच्या एका संग्रहाचे नावच ‘दूर राहिला गाव’ असे आहे. रिधोऱ्यासारख्या खेड्यातून येऊन परभणीत अध्यापन करणाऱ्या कवीचे गाव भौगोलिकदृष्ट्या फार दूर नव्हते. दुरावले ते कामाचे वेळापत्रक, शेताशी असलेला हाताचा संबंध. ‘पीकपेरा’पासून (1989) या कवितेने कष्टाची नोंद सोडलेली नाही, म्हणून तिला केवळ स्मरणरंजन म्हणणे अन्यायाचे होईल. सेलू तालुक्यातील आसाराम लोमटे यांनी (‘आलोक’साठी 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार) आपल्या एका कथासंग्रहास ‘इडा पिडा टळो’ हे नाव दिले. बलिप्रतिपदेच्या ओवाळणीत उच्चारल्या जाणाऱ्या वचनाचा हा पूर्वार्ध आहे. उत्तरार्धात बळीच्या राज्याची मागणी असते, ती शीर्षकात नाही. ही गाळणी वाचकाला अस्वस्थ करते : पीडा टळावी एवढेच मागणे शिल्लक राहिले की काय?

परदेशस्थ मराठी माणसाच्या दिवाळीची तुलना येथे उपयोगी पडते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 चे, उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चे. तेथे दिवाळी सोयीच्या शनिवारी साजरी होते, फराळाची पार्सले विमानाने पोहोचतात, दिवाळी अंक मागविले जातात. त्या लेखनातील हुरहूर खोटी नाही. मात्र तिला सभागृह आहे, छपाई आहे, वाचक आहे. फडावरच्या माणसाने राज्याची सीमा ओलांडलेली नसतेही, आणि तरी सणापासून तो अधिक दूर असतो. तिथी सरकविण्याची मुभा त्याला नाही. प्रवासी मराठी साहित्याचा विचार करताना अंतर मैलांत मोजण्याची सवय विद्यापीठीय अभ्यासाला जडली आहे. ते सुटीच्या दिवसांत मोजले तर क्रम बदलेल.

गंगाखेडची जनाबाई पंढरपुरी नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली, आणि तिच्या दळणाला विठ्ठल हात लावतो असे परंपरेने मानले. स्वतःचे घर नसलेल्या कष्टकरी स्त्रीच्या जात्याशेजारी देवाला बसविणारी ही कल्पना याच तालुक्याशी नाते सांगते. जाते आता गिरणीने थांबविले आहे. ऊस तोडणारी स्त्री पहाटे दळत नाही, मोळ्या बांधते; त्या कामाला जात्याची संथ लय नाही. म्हणून ऊसतोडीवरच्या ओव्या संग्रहांत कितपत आढळतात, हे तालुकावार तपासणे हे पदव्युत्तर प्रबंधिकेला पुरेल असे काम आहे. ते करताना ओवीतील एका पात्राकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. दिवाळीला बहिणीला आणावयास जाणारा मुराळीच दसऱ्यानंतर उचल फेडण्यासाठी गाडीत बसला असेल, तर माहेरची वाट मोकळी असूनही बहीण सासरीच राहते. त्या घरी फक्त म्हातारी आई आणि शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडे उरलेली असतात.