वेताळ टेकडी: झाडांमधलं अंतर बघत चला

पुण्याच्या वेताळ टेकडीवर कोणी हरवत नाही, असं म्हणतात. चहूबाजूंनी शहर, उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ८०० मीटर, माथ्यावर वेताळाचं देऊळ. पंचवटी, पत्रकारनगर, कोथरूड, कुठूनही चढा.

तरी ऐन पावसाळ्यात, अंधारून आलेल्या एका संध्याकाळी एका ग्रुपची वाट चुकलीच. गिरिपुष्पाच्या दाटीत पायवाट सुटली, तेव्हा मंडळींनी झाडांची एक ओळ धरली. ओळ माणसाने लावलेली, म्हणजे ती वस्तीकडेच जाणार, हा हिशेब. पण बराच वेळ चालूनही ना चढ लागला ना उतार. लागणार कसा? ती झाडं होती समतल चराच्या कडेने लावलेली. पाणी अडून मुरावं म्हणून हा चर एकाच पातळीवर खोदतात. त्याच्या काठाने चालणारा टेकडीला प्रदक्षिणा घालत राहतो. शेवटी ओळ सोडून, टेकडीवरच्या खाणींची बाजू टाळून ते सरळ उताराला लागले आणि थोड्याच वेळात दिवे दिसले.

गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, मूळचं मध्य अमेरिकेकडचं. भराभर वाढतं म्हणून लावलं गेलं. वाळलेली शेंग तडकून बी दूर उडतं, त्यामुळे ओळींमधली जागाही त्यानेच बळकावली.

आपसूक उगवलेल्या झाडांची तऱ्हा वेगळी. उघडा खडक आणि वीतभर माती असेल तिथे कागदी पापुद्र्यांची सालई आणि पिवळ्या फुलांचा गणेर, तेही विरळ. ओघळीत माती साठते, ओल टिकते, तिथे गर्दी. पक्षी बसतात त्या मोठ्या झाडाखाली कडुनिंबाची, चंदनाची रोपं पुंजक्याने दिसतात, कारण बिया पक्ष्यांनीच टाकलेल्या. शिवाय चंदन अर्धपरजीवी. शेजारच्या मुळांतून पाणी आणि क्षार ओढल्याशिवाय त्याचं नीट भागत नाही.

कचऱ्याचीही अशीच ठरलेली मांडणी आहे: बाकांभोवती पुंजके, वाटेच्या कडेने रांग. स्पीकर लावून चढणारे स्वतःला खुशाल ट्रेकर म्हणवोत, निदान वेफर्सची पाकिटं तरी खाली न्यावीत.

आणि टेकडीवर सीडबॉल, म्हणजे बिया घातलेले मातीचे गोळे, टाकणाऱ्यांना एक विनंती. झाडांमधलं मोकळं गवत ओसाड नाही. टिटवी तिथे उघड्या जमिनीवरच अंडी घालते. तेवढी जागा सोडा.