कोपऱ्याचं माप आधी घ्या



पडदे शिवणाऱ्या आपल्या गटांकडे आता बोईसरच्या नव्या इमारतींमधून रोलर ब्लाइंडची विचारणा येऊ लागली आहे. काम तसं सोपं. वर नळी, तिच्यावर गुंडाळलेलं कापड, चेन ओढली की वर-खाली. शिलाई जवळजवळ नाहीच. पण शिवलेला पडदा आखूड झाला तर खालची दुमड उसवता येते, ब्लाइंडची नळी एकदा कापली की वाढत नाही. त्यामुळे इथली सगळी कमाई मापात आहे.

माप चुकतं ते बहुतेक बे विंडोला, म्हणजे भिंतीच्या बाहेर काढलेल्या, तीन बाजूंनी काच असलेल्या खिडकीला. एका गटाबरोबर मीही अशा घरी गेले होते. तिन्ही चौकटी आम्ही काळजीने मोजल्या. समोरची ६० इंच, बाजूच्या २४-२४. ब्लाइंड बनून आले, समोरचा बसला, बाजूचे काही केल्या बसेनात. कोपऱ्यात नळीवर नळी आदळत होती. दोन्ही परत बनवावे लागले, आणि त्या कामाचा नफा त्यातच गेला. ताया मला काही बोलल्या नाहीत, पण टेपचं टोक माझ्याच हातात होतं.

झालं काय, तर आम्ही माप घेतलं काचेला चिकटून आणि नळी बसते काचेच्या पुढे, खोलीच्या बाजूला. ब्रॅकेटसकट ती साधारण ३ इंच जागा खाते. (ब्रॅकेट आधी हातात घेऊन स्वतः मोजा, प्रत्येकाचं वेगळं असतं.) कोपरा काटकोनी असेल तर समोरचा ब्लाइंड भिंतीपासून भिंतीपर्यंत न्यायचा, आणि बाजूचा ते ३ इंच व वर अर्धा इंच सोडून थांबवायचा. २४ च्या जागी साडेवीस.

कोपरा तिरका असेल तर तोंडी हिशेब करूच नका. ब्रॅकेट जेवढी पुढे येते तेवढ्या रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी कापा. खिडकीच्या वर प्रत्येक चौकटीला ती टेकवा आणि पट्टीच्या पुढच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा. रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथून तिथपर्यंत मोजा. मग प्रत्येक कोपऱ्याला पाव इंच कमी करा.

टेप लोखंडी घ्या, शिवणाचा टेप वापरून ताणलेला असतो. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. वर ६० इंच, मध्ये ५९ इंच ६ सूत, खाली ५९ इंच ४ सूत आली तर सगळ्यात कमी तेच धरायचं. एका इंचाचे ८ सूत, सुतारांसारखं तसंच लिहा. ‘साठला थोडं कमी’ असं वहीत नको.

ऑर्डर देताना ‘खिडकीचं माप’ की ‘तयार ब्लाइंडचं माप’ हे शब्दांत लिहा. तुम्हीही थोडं वजा केलंत आणि बनवणाऱ्यानेही केलं तर फट राहते, कुणीच नाही केलं तर ब्लाइंड आत जातच नाही. कापड ब्रॅकेटसकटच्या मापापेक्षा इंच-सव्वा इंच अरुंद असतं, कडेने उजेड येणारच. गिऱ्हाईकाला हे आधी सांगा, नंतर सांगितलं की ते बहाणा वाटतं.

दर चौरस फुटावर असतो. ६० गुणिले ५४ म्हणजे ३२४०, भागिले १४४, म्हणजे साडेबावीस चौरस फूट. अरुंद ब्लाइंडला काही ठिकाणी किमान चौरस फूट लावतात, ते विचारून मगच भाव सांगा.

लावताना वर काँक्रीट आहे की पीओपी, ते ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे स्क्रू टिकत नाही. ६ मिलिमीटरचं भोक, त्यात गिट्टी, मग स्क्रू. आपल्याकडे खारा वारा, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. दोन्ही ब्रॅकेट एका पातळीत हव्यात, गवंड्याची पाण्याची नळीही चालते. पातळी चुकली की कापड एका बाजूला सरकतं आणि कड घासून सुटते.

चेन मोकळी लोंबकळत सोडू नका. लहान मुलाच्या गळ्यात तिचा फास बसू शकतो. सोबत येणारी पकड भिंतीला लावून चेन ताणून बसवा, आणि घरात लहान मूल असेल तर खिडकीखालचा पलंग हलवायला सांगूनच निघा.