मेरिडियन आणि रक्तप्रवाहाचे मोजमाप

प्रश्न : अॅक्युपंक्चरमधील ‘मेरिडियन’ मार्गांतला रक्तप्रवाह यंत्राने मोजता येतो काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चीनच्या प्राचीन वैद्यकाने कल्पिलेले हे मार्ग शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांहून पृथक् असे आढळत नसल्यामुळे, लेझर-डॉप्लर यंत्र जे मोजते ते त्वचेच्या सुमारे एक मिलिमीटर खोलीपर्यंतच्या सूक्ष्म वाहिन्यांतील अभिसरण होय, मार्गाचा प्रवाह नव्हे. सुईने तेथील प्रवाह वाढतो खरा. परंतु ती मज्जातंतूंची प्रतिक्रिया असून, खोलीची उष्णता किंवा मनातील भीती यांनीही आकडा बदलतो. तेव्हा अशा आलेखाच्या दाखल्यावर मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे कृपा करून थांबवू नका, आणि पायांच्या रक्तपुरवठ्याविषयी शंका असल्यास छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात रीतसर तपासणी करून घ्या.