मापाचा शेर आणि वजनाचा शेर

आपल्या जुन्या व्यवहारांत 'शेर' हा एकच शब्द दोन अर्थांनीं चालत असे. धान्यासाठीं मापाचा शेर आणि गूळ-तुपासाठीं वजनाचा शेर. मापाची परंपरा अशी : दोन कोळवीं म्हणजे एक चिपटें, दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर व चार शेर म्हणजे एक पायली. वजनांत पांच तोळे म्हणजे एक छटाक, सोळा छटाक म्हणजे एक शेर आणि चाळीस शेर म्हणजे एक मण. माप हें जागा मोजतें; वजन हें त्या जागेंतील पदार्थाचा भार मोजतें. हा भेद जो ध्यानांत ठेवीत नाहीं त्याचा हिशेब चुकतो.

१९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति स्वीकारली गेली. आज लातूर-नांदेडच्या बाजारांत तूर व ज्वारी क्विंटलानें विकली जाते. परंतु स्वयंपाकघरांत अद्यापि वाटीचेंच राज्य आहे. म्हणून वाटीचे ग्रॅम करावयास आपण शिकलें पाहिजे.

प्रथम रिकामी वाटी तोलावी, मग पाण्यानें कांठोकांठ भरून पुन्हां तोलावी. वजाबाकी २०० ग्रॅम आली, तर वाटींत २०० मिलिलिटर मावतात असें समजावें. कारण एक मिलिलिटर पाणी सुमारें एक ग्रॅम भरतें. आतां त्याच वाटींत निरनिराळे जिन्नस सपाट भरून तोलले असतां सुमारें असे आंकडे मिळतात : तेल १८४, साखर १७०, तांदूळ १७०, तुरीची डाळ १६५, ज्वारी १५०, ज्वारीचें पीठ ११० आणि बारीक मीठ २४० ग्रॅम.

असें कां व्हावें? तेल पाण्याहून हलकें, म्हणून तें पाण्यावर तरंगतें. दाण्यांच्या फटींत हवा असते, आणि चाळलेल्या पिठांत ती फारच असते. तेंच पीठ दाबून भरलें तर वजन वाढतें. यास्तव माप नेहमीं एकाच रीतीनें भरावें, तीन वेळां तोलावें व सरासरी घ्यावी. गांवोगांवची पायली सारखी नसे; आजीच्या पायलीचीही अशीच पाण्यानें परीक्षा करावी.

एक उदाहरण घेऊं. पांच मुलांच्या खिचडीस दोन वाट्या तांदूळ व एक वाटी डाळ लागते. शंभर मुलांस वीसपट, म्हणजे चाळीस वाट्या तांदूळ व वीस वाट्या डाळ. १७० × ४० = ६,८०० ग्रॅम; १६५ × २० = ३,३०० ग्रॅम; एकूण १० किलो १०० ग्रॅम. प्रत्येक वाटी पाण्याप्रमाणें २०० ग्रॅम धरणारा १२ किलो आणील व १ किलो ९०० ग्रॅमचे पैसे व्यर्थ खर्चील.

कधीं कधीं पैशांहून मोठी गोष्ट पणास लागते. जुलाब झालेल्या मुलास द्यावयाच्या पाण्यांत एक लिटरास पांच मिलिलिटरचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालतात. म्हणजे सुमारें २५ ग्रॅम साखर व ३ ग्रॅम मीठ. येथें मिठाचा चमचा शिगेनें भरला, तर औषधच अपाय करील.

विद्यार्थिमित्रहो, या सुटींत आईच्या साह्यानें घरच्या वाटीचें असें कोष्टक करा व तें स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. गणित वहींतून चुलीपर्यंत आलें म्हणजेच तें खरें आपलें झालें.