सल्फर व्हेपोरायझरचा कंट्रोल बोर्ड : बिघाड शोधण्याची क्रमबद्ध पद्धत

हरितगृहातील गुलाब, काकडी व ढोबळी मिरची या पिकांवर भुरी रोगाचा प्रादुर्भाव वारंवार आढळतो. त्याच्या नियंत्रणासाठी रात्रीच्या वेळी गंधकाचे बाष्प सोडण्याची पद्धत तळेगाव दाभाडे, होसूर, बेंगळुरू यांसारख्या फुलशेतीच्या परिसरांना परिचित आहे. पूर्वी या उपकरणात केवळ हीटर व साधा थर्मोस्टॅट असे. आता तापमान, वेळ व चालू-बंद यांचे नियमन करणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बोर्ड त्यात बसविलेला असतो. उपकरण बिघडल्यास संपूर्ण बोर्ड बदलणे किंवा फर्मवेअर पुन्हा टाकणे, असे दोनच उपाय सामान्यतः सुचविले जातात. प्रत्यक्षात दोष अनेकदा तार, सेन्सर, रिले किंवा वीजपुरवठा यांत असतो. तो न शोधता बोर्ड बदलल्यास खर्च होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून वीजपुरवठा, सेन्सर, रिले व शेवटी फर्मवेअर या क्रमानेच तपासणी करणे श्रेयस्कर ठरते.

तापमानाची मर्यादा का पाळावी?

गंधक सुमारे ११५ अंश सेल्सिअसला वितळते व त्यापुढे त्याचे बाष्प होऊ लागते. सुमारे २३२ अंशांच्या आसपास ते हवेत आपोआप पेट घेऊ शकते. गंधकाचे बाष्प पानांवर सूक्ष्म थराच्या रूपाने बसते व भुरीला आळा घालते. जळणाऱ्या गंधकापासून मात्र सल्फर डायऑक्साइड हा विषारी वायू तयार होतो. पानांवरील ओलाव्यात तो विरघळून आम्ल बनते व शिरांमधील भाग पांढुरका पडून करपतो. मजुरांच्या डोळ्यांना व श्वसनमार्गालाही त्याचा तीव्र त्रास होतो. त्यामुळे या उपकरणातील तापमाननियंत्रणाचा बिघाड एका रात्रीत संपूर्ण पिकाचे नुकसान करू शकतो. सकाळी गुदमरवणारा उग्र वास येणे किंवा भांड्यात निळसर ज्योत दिसणे हे धोक्याचे लक्षण समजावे. अशा वेळी आत प्रवेश न करता बाहेरून वीज बंद करावी व हरितगृहाच्या बाजू उघडाव्यात. वितळलेल्या गंधकावर पाण्याचा फवारा मारू नये.

तपासणीपूर्वीची दक्षता

१. एमसीबी बंद करून उपकरणाची पिन सॉकेटमधून काढावी. बोर्डावरील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब काही काळ शिल्लक राहू शकतो. तो मल्टिमीटरने मोजून खात्री करावी.

२. काही स्वस्त बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांचा कमी दाबाचा भागही थेट मुख्य विजेशी जोडलेला असतो. असा बोर्ड विजेवर चालू असताना त्यास संगणकाची यूएसबी केबल कधीही जोडू नये.

३. चाचणीच्या वेळी हीटर काढून त्याच्या जागी १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब जोडावा. बोर्ड हीटर केव्हा चालू-बंद करतो ते डोळ्यांनी दिसते व गंधक तापण्याचा धोका राहत नाही.

४. मुख्य विजेवरील मोजमाप प्रशिक्षित वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

पहिला टप्पा : वीजपुरवठा

बोर्ड मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल किंवा हीटर चालू होताच डिस्प्ले मंदावत असेल, तर प्रथम वीजपुरवठ्याकडे पाहावे. बोर्डावरील ५ व्होल्ट व ३.३ व्होल्टचे दाब हीटर बंद असताना व चालू असताना, असे दोनदा मोजावेत. चालू अवस्थेत दाब स्पष्टपणे घसरत असल्यास दोष पुरवठ्यात आहे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा माथा फुगलेला आहे का, तेही पाहावे. तापमान दर १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून हीटरजवळ बसविलेला बोर्ड लवकर निकामी होतो.

हीटरचा रोधही तपासावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १०० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे ५२९ ओहम येतो. मल्टिमीटर अनंत रोध दाखवत असेल, तर हीटरची तार तुटलेली आहे व बोर्ड निर्दोष असण्याची शक्यता अधिक आहे.

दुसरा टप्पा : तापमान सेन्सर

पीटी-१०० सेन्सरचा रोध ० अंशाला १०० ओहम, २५ अंशांना सुमारे ११० ओहम व १५० अंशांना सुमारे १५७ ओहम असतो. सेन्सर बोर्डापासून सोडवून मोजल्यास दोष सेन्सरचा की बोर्डाचा, हे काही मिनिटांत ठरते.

सेन्सरचा प्रकार माहीत असणे येथे फार महत्त्वाचे आहे. पीटी-१०० ची तार तुटल्यास रोध अतिशय वाढतो. बोर्डाला तापमान फार जास्त भासते व हीटर बंद राहतो. एनटीसी थर्मिस्टरचा रोध मात्र तापमानाबरोबर कमी होतो. त्याची तार तुटल्यास बोर्डाला गंधक थंड असल्याचे भासते व हीटर अखंड तापत राहतो. म्हणजेच एकाच दोषाचे परिणाम परस्परविरुद्ध असतात. अवास्तव वाचन आल्यास हीटर बंद करण्याची सोय फर्मवेअरमध्ये असावी. ती आहे की नाही, हे बल्ब जोडलेल्या अवस्थेत सेन्सर सोडवून अवश्य तपासावे. सेन्सर काढल्यावर बल्ब पेटलेलाच राहिला, तर असे उपकरण वापरू नये.

तिसरा टप्पा : रिले व एसएसआर

बोर्डाने 'बंद' असा आदेश देऊनही बल्ब पेटलेला राहिल्यास रिलेचे संपर्क एकमेकांस चिकटले आहेत असे समजावे. एसएसआर निकामी होतो तेव्हा बहुधा तोही आतून जुळलेल्या, म्हणजे चालू अवस्थेतच राहतो. मात्र एसएसआरची परीक्षा केवळ मल्टिमीटरने करू नये. बंद असतानाही त्यातून अल्प गळती होते व भार नसल्यास मीटर जवळपास पूर्ण दाब दाखवतो. बल्बचा भार जोडूनच निष्कर्ष काढावा.

गंधकाचा बोर्डावरील परिणाम

हे उपकरण ज्या पदार्थासाठी वापरतात, तोच त्याच्या बोर्डाचा शत्रू आहे. रिलेच्या संपर्कांतील चांदीवर व बोर्डावरील उघड्या तांब्यावर गंधकाच्या बाष्पाने काळा सल्फाइडचा थर चढतो. अतिशय लहान चिप रेझिस्टरच्या टोकांशी चांदीचा पातळ थर असतो. तोही गंधकाने खंडित होतो. असा रेझिस्टर बाहेरून चांगला दिसतो, परंतु तापमानाचे वाचन चुकवतो. सेन्सर निर्दोष असूनही वाचन चुकत असेल, तर सेन्सरजवळील रेझिस्टर मोजून पाहावेत.

यावर खरा उपाय म्हणजे बोर्ड हरितगृहाबाहेरील बंद पेटीत बसविणे व आत केवळ हीटर आणि सेन्सर ठेवणे. बोर्डावर सिलिकॉनचा लेप दिल्याने ओलावा अडतो, पण गंधकाचे बाष्प पुरेसे अडत नाही.

चौथा टप्पा : फर्मवेअर

वरील तीन टप्पे निर्दोष आढळल्यावरच फर्मवेअरचा विचार करावा.

* घड्याळ : घड्याळाचा सेल संपलेला असल्यास वीज जाऊन आल्यावर अनेक बोर्डांत वेळ ००:०० पासून सुरू होते. उपकरण भर दुपारला मध्यरात्र समजते व मजूर आत असतानाच चालू होते. बोर्ड काही मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करावा व वेळ टिकते का ते पाहावे. सीआर-२०३२ सेल ठरावीक काळाने बदलावा.
* स्मृती : ठरविलेले तापमान आपोआप बदलत असल्यास ईईप्रॉम तपासावी. तिची लेखनक्षमता मर्यादित, अनेक मायक्रोकंट्रोलरमध्ये १ लाख वेळा इतकी असते. स्वयंनिर्मित बोर्डात दर मिनिटाला नोंद लिहिली जात असेल, तर ही मर्यादा सुमारे ७० दिवसांत संपते. मूल्य बदलले तरच लिहावे, अशी रचना ठेवावी.
* वॉचडॉग : प्रोग्रॅम अडकल्यास बोर्ड पुन्हा सुरू करणारी ही सोय कार्यान्वित असावी. सुरू होताना हीटर बंदच राहील, अशी आज्ञा सर्वप्रथम दिलेली असावी.
* अद्ययावतीकरण : बोर्डाची आवृत्ती व जुन्या सेटिंग लिहून ठेवाव्यात. यूपीएसवर व हीटर सोडवूनच नवे फर्मवेअर टाकावे. त्यानंतर सेन्सर काढण्याची चाचणी पुन्हा करावी.

स्वतंत्र संरक्षण अनिवार्य

चिकटलेला रिले कोणत्याही फर्मवेअरला उघडता येत नाही. म्हणून हीटरच्या तारेत स्वतंत्र थर्मल कटआउट किंवा थर्मल फ्यूज असलाच पाहिजे. त्याचे मूल्य उत्पादकाच्या शिफारशीप्रमाणे, म्हणजे कार्यतापमानापेक्षा अधिक व गंधक पेटण्याच्या तापमानापेक्षा बरेच कमी असावे. थर्मल फ्यूज सोल्डर करू नये. त्या उष्णतेने तो तुटू शकतो, म्हणून दाबून बसविणारे जोड वापरावेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी साधी तार जोडणे म्हणजे पीक व मजूर दोघांनाही संकटात टाकणे होय. हरितगृहातील दमटपणा लक्षात घेता ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी व योग्य अर्थिंगही आवश्यक आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हंगामाच्या प्रारंभी प्रत्येक उपकरणाच्या चार चाचण्या शेतकऱ्यांसमोर करून दाखवाव्यात : सेन्सर काढल्यावर भार बंद होतो का, 'बंद' आदेशानंतर बल्ब विझतो का, वीज जाऊन आल्यावर वेळ टिकते का आणि थर्मल कटआउट मूळ जागी आहे का. यांपैकी एकही चाचणी अयशस्वी ठरल्यास दुरुस्ती होईपर्यंत भांड्यात गंधक भरू नये. तोपर्यंत भुरीसाठी शिफारशीत बुरशीनाशकाची फवारणी करता येते. करपलेली पाने मात्र पुन्हा हिरवी होत नाहीत.