परदेशात राहायचंय? आधी हिशोब मांडा!

चिकलठाणा एमआयडीसीत ट्रेनिंगला जाऊन आलं की आमच्या हॉस्टेलवर एक विषय हमखास निघतो : बाहेर जायचं, पण शेत न विकता. मी जर्मनीचा रस्ता अभ्यासला, तो असा :

१) व्हिसाची फी फक्त ७५ युरो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फीही नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र सत्राला १५०० युरो.

२) सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. घाबरू नका, हे पैसे बुडत नाहीत; तिथं दरमहा ९९२ युरो आपल्यालाच परत मिळतात.

३) आपली मार्कशीट तपासून घेणारं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे.

४) शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पदवीला साजेशी नोकरी दोन वर्षं केली, की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. त्याला बी-१ पातळीचं जर्मन लागतं.

म्हणजे खरी बचत भाषेत आहे. ती तिसऱ्या वर्षापासूनच शिका. "टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं बघू" म्हणणाऱ्या एजंटला लांबूनच नमस्कार! तो व्हिसा ९० दिवसांचा. कर्ज काढण्याआधी हा हिशोब घरी आई-वडिलांसमोर मांडा.